भुरीचे बूट: वेताळ टेकडी ते त्रिउंड, सात महिन्यांचा अनुभव

जानेवारीत माझ्या कुत्रीला, भुरीला, घेऊन हिमाचलमधल्या त्रिउंडला जायचं ठरलं होतं, म्हणून ऑगस्टमध्येच तिच्यासाठी रबरी तळव्याचे, वेल्क्रो पट्टीचे चार बूट मागवले. अठराशे रुपये. भुरी आपली गावठी, अठरा किलोची. बर्फ तिने जन्मात पाहिलेला नव्हता.

पहिला महिना मापातच गेला. मी तिचा पाय उचलून पंजा मोजला होता. पण कुत्रं उभं राहिलं की अंगाच्या भाराने पंजा पसरतो. कागदावर उभं करून, शेजारचा पाय जरा उचलून धरून रेघ मारायची, हे नंतर कळलं. शिवाय पुढचे पंजे मागच्यांपेक्षा रुंद, आणि मला चारही बूट एकाच मापाचे आले. पुढच्या पायाचं आतल्या बाजूचं वरचं नख पट्टीखाली घासून तिथली कातडी सोलवटली. विक्रेत्याने बदलून दिले नाहीत. मापाचा तक्ता त्यांचाच होता, त्याचा राग अजून आहे. पुढचे दोन मोठे घेतले आणि मग सगळं सुरळीत झालं.

घरात पाच मिनिटं, मग सोसायटीत, मग पुण्यातल्या वेताळ टेकडीवर अशी सवय लावली. दिवाळीनंतर टेकडीवरचं गवत वाळतं आणि कुसळं बोटांच्या बेचक्यात शिरतात. मागच्या वर्षी एक रुतून पू झाला होता. यंदा एकही नाही. माझे पैसे तिथेच वसूल झाले.

त्रिउंडच्या पायथ्याशी, धरमकोटला पोचलो तर बर्फवृष्टीच्या इशाऱ्यामुळे वर जायला बंदी होती. दोन दिवस थांबून गल्लू देवीच्या मंदिरापासून निघालो. त्रिउंड साधारण २,८५० मीटरवर आहे, वरच्या टप्प्यात सगळा बर्फच. सुरुवातीला मुद्दाम बूट घातले नाहीत. पंधरा मिनिटांत भुरी थांबून पंजा चावू लागली. पाहिलं तर बोटांच्या मधे वाटाण्याएवढे बर्फाचे गोळे. पंजाच्या उबेने बर्फ वितळतो, पुन्हा गोठतो आणि केसांना धरून बसतो. ओढलं तर केसही उपटतात, म्हणून पंजा तळहातात धरून गोळे विरघळू दिले. बूट चढवल्यावर मात्र ती वरपर्यंत एकदाही थांबली नाही.

उणिवा आहेत. वेल्क्रोत बर्फ भरला की पकड सुटते, मागचा बूट दोनदा निसटला. आता जुना टूथब्रश खिशात असतो. पायाखाली दबून काचेसारख्या झालेल्या बर्फावर तळवे घसरतात, कारण बुटात नखं झाकली जातात आणि तिला ती रोवता येत नाहीत. अशा जागी मी छातीपट्ट्याला धरूनच नेलं. कुत्र्याला घाम मुख्यतः पंजातूनच येतो, तेव्हा तासाभराने बूट काढून बोटांची बेचकी पुसायलाच हवीत.

मार्च लागलाय, टेकडीवरचा कातळ सकाळी दहालाच तापतो, बूट पुन्हा रोज निघतात. शिलाई शाबूत आहे, पुढच्या तळव्यांची नक्षी मात्र पार झिजली. पुढच्या हिवाळ्याआधी तेवढे दोन नवे घेईन.