एव्ही फॅमिकॉम आणि आडवळणाच्या जपानी कॅसेट्स: पावसाळ्यापासून आतापर्यंतचा अनुभव

नव्वदच्या दशकात ज्यांच्या उन्हाळी सुट्ट्या पिवळ्या, काळ्या टीव्ही गेमच्या कॅसेट्सवर गेल्या, त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगून टाकतो. कॅसेट्स जमवायची हौस असेल तर एकदा तरी खरा फॅमिकॉम घ्या, आणि घ्याल तर १९९३ चं एव्ही मॉडेलच (एव्ही केबलने टीव्हीला जोडायचं) घ्या. मी गेल्या पावसाळ्यात घेतला. तेव्हापासून आठवड्यातल्या बहुतेक रात्री तो चालू असतो आणि शेल्फवरच्या कॅसेट्स वाढतच चालल्या आहेत.

फॅमिकॉम हा निन्टेन्डोचा मूळ जपानी कन्सोल, जुलै १९८३ मध्ये बाजारात आलेला. आपल्याकडे बाजारात जे टीव्ही गेम मिळायचे, त्यातले बरेचसे त्याचीच नक्कल होते. ६० पिनांची खाच तीच, त्यामुळे जपानी कॅसेट तुमच्या माळ्यावरच्या जुन्या मशीनमध्येही बसेल. मग मूळ मशीनवर पैसे कशाला घालायचे? वेगासाठी आणि आवाजासाठी.

आधी वेगाचं बघू. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या टीव्हीसाठी बनवलेले नकली कन्सोल सेकंदाला ५० फ्रेम (चित्रं) दाखवायचे, जपानी मशीन ६० दाखवतं. हे गेम फ्रेम मोजूनच पुढे सरकतात. म्हणजे आपण लहानपणी जो ‘कॉन्ट्रा’ तोंडपाठ केला, तो पाच-षष्ठांश वेगाने चालत होता, संगीतासकट. मूळ वेगात तो इतका चपळ वाटतो की उडीचा अंदाज नव्याने बसवावा लागतो. शिवाय फेब्रुवारी १९८८ च्या जपानी ‘कॉन्ट्रा’मध्ये पहिल्या लेव्हलला मागची माडाची झाडं हलतात, बर्फाच्या लेव्हलला खरंच बर्फ पडतो आणि दोन लेव्हलच्या मध्ये नकाशा येतो. अमेरिकन आवृत्तीत यातलं काहीच नाही. कोनामीने जपानी कॅसेटमध्ये स्वतःची वेगळी चिप घातली होती, तिची ही कमाल. झावळ्या हलताना पाहून मी गेम पॉज केला आणि बायकोला हाक मारून दाखवलं.

आवाजाची गोष्ट मात्र जरा सविस्तर सांगतो, कारण माझा संग्रह त्याच्याभोवतीच उभा राहिलाय. फॅमिकॉममध्ये कन्सोलचा आवाज ४५ नंबरच्या पिनेतून कॅसेटमध्ये जातो आणि ४६ नंबरमधून परत येतो. साध्या कॅसेटमध्ये या दोन पिना नुसत्या जोडलेल्या असतात. पण काही कंपन्यांनी तिथे स्वतःची आवाजाची चिप बसवली, म्हणजे कॅसेटच वाद्य घेऊन येते. कोनामीच्या ‘अकुमाजो देन्सेत्सु’मध्ये (१९८९) व्हीआरसी६ चिपने तीन जादा चॅनल, म्हणजे एकाच वेळी वाजणारे तीन जादा आवाज, दिलेत. त्यातल्या सॉटूथ नावाच्या करकरीत आवाजाचा खर्ज स्पीकरमधून आला की हा आठ बिटांचा डबा आहे यावर विश्वास बसत नाही. अमेरिकेत हाच गेम ‘कॅसलव्हेनिया ३’ नावाने आला, पण तिथल्या कन्सोलच्या खाचेत या आवाजाची वाटच नव्हती, म्हणून ते चॅनल गेले. आपल्याकडच्या बऱ्याच नकली मशीनमध्येही ही जोडणी धड नसते. तिथे ही कॅसेट लावली तर अर्धा वाद्यवृंद घरी गेल्यासारखं वाटतं.

या यादीतली माझी सगळ्यात लाडकी म्हणजे ‘लाग्रांज पॉइंट’ (१९९१). आत व्हीआरसी७, म्हणजे यामाहाच्या घराण्यातली सहा चॅनलची एफएम (सिंथेसायझरसारखा आवाज काढणारी) चिप. तिचा आवाज वापरणारा हा एकच गेम. कॅसेटही नेहमीपेक्षा उंच, त्यामुळे डब्यात सरळ बसत नाही. गेम सगळा जपानीत आहे. मोबाईलच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून पाहिलं, पण एवढ्या जाड ठोकळ्यांची अक्षरं त्याला नीट वाचता येत नाहीत. तरी मी ती लावतो, गावात फिरतो आणि ऐकत बसतो.

अशीच जादा आवाजाची चिप असलेला सनसॉफ्टचा ‘गिमिक!’ (१९९२) मात्र अस्सल मिळणं माझ्या खिशाबाहेर आहे. त्याच्या नकलांचा सुळसुळाट आहे, आणि फॅमिकॉमच्या बहुतेक कॅसेट्सना स्क्रू नसतात, नुसत्या आतल्या खटक्या. उघडून खात्री करायला गेलं तर खटकी मोडायची भीती. फार स्वस्त दिसला तर नाद सोडा.

आता मशीनच्या तक्रारी. चित्रासाठी फक्त कंपोझिट (जुनी पिवळ्या पिनेची केबल) आउटपुट आणि मोनो आवाज. नव्या एलईडी टीव्हीवर चित्र पुसट दिसतं आणि बटण दाबल्यावर किंचित उशीर जाणवतो. टीव्हीचा गेम मोड लावला की उशीर कमी होतो, तरी जुना काचेचा टीव्ही मिळाला तर सोडू नका. फक्त तो एनटीएससी, म्हणजे जपानी टीव्हीची पद्धत, घेतो का हे विचारा. जुन्या लाल-पांढऱ्या फॅमिकॉमच्या दुसऱ्या कंट्रोलरला माइक होता, तो इथे नाही. पण तिथे कंट्रोलर कायमचे जोडलेले आणि टीव्हीला फक्त आरएफ (अँटेनाच्या खाचेतून जोडणी), तेव्हा रोजच्या वापराला एव्हीच बरा. जपानी अडॅप्टर १०० व्होल्टचा असतो, तो आपल्या प्लगमध्ये थेट लावू नका. मशीनला १० व्होल्ट डीसी लागतं आणि मधली पिन निगेटिव्ह हवी. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात हे नीट सांगून अडॅप्टर घ्या.

पावसाळ्यात कोकणात राहणाऱ्यांनी कॅसेट्स घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल टाकून ठेवाव्यात. पिना आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काडीने पुसा, काडी काळी यायची थांबेपर्यंत. फुंकर मारायची सवय सोडा, तोंडातल्या ओलाव्याने पिनांना गंज चढतो. सेव्ह होणाऱ्या कॅसेटमधला सेल डाग देऊन पक्का केलेला असतो, तो बदलताना जुना सेव्ह बहुधा जातो.

बऱ्याच कॅसेट्सच्या मागे कुणा जपानी मुलाने मार्करने आपलं नाव लिहिलेलं असतं. संग्राहक अशा कॅसेट्सना कमी भाव देतात, मी मुद्दाम त्याच घेतो आणि नाव पुसत नाही.

खोक्याशिवायच्या सुट्ट्या कॅसेट्स घ्या, चार-सहा एकत्र मागवा म्हणजे टपालखर्च विभागला जातो, आणि कस्टम ड्यूटी आधीच हिशेबात धरा. सुरुवात जपानी ‘कॉन्ट्रा’ आणि ‘अकुमाजो देन्सेत्सु’ने करा. दोन्हींना भाषा फारशी लागत नाही.