शिवोलीतल्या बंद घराची राखण: होम केअर सर्व्हिस, दोन पावसाळ्यांनंतर

मी मूळची पेडण्याची, लग्नानंतर शिवोलीत आले, दोन्ही गोव्यातलीच. आमच्या कंपाउंडला लागून आंकल-आंटींचं जुनं कौलारू घर आहे, दोघं लंडनला असतात, पासपोर्ट ब्रिटिश पण आंटींचे वडील इथलेच म्हणून ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) आहे. नोव्हेंबरात येतात, मार्चअखेर जातात, मधले सात महिने चावी माझ्याकडे. त्यांनी दोन वर्षांपूर्वी म्हापशाची एक होम केअर सर्व्हिस लावली, महिन्याला 4,500 रुपये, आठवड्यातून एक फेरी. तेव्हा मीच म्हटलं होतं, आंटी, चार कॅमेरे आहेत की, माणसाचे पैसे कशाला?

पण जून लागला आणि कळलं. पावसात लाईट गेली की इन्व्हर्टर दोन-तीन तास तग धरतो, मग राउटर बंद, आणि तिकडे आंकलच्या फोनवर चारही कॅमेरे ऑफलाइन. म्हणजे जी रात्र सगळ्यात काळोखी त्याच रात्री कॅमेरा आंधळा.

सर्व्हिसचा पोरगा मंगळवारी येतो. नुसता गेटवरून फोटो काढून जात नाही हे मी स्वतः बघितलंय. सगळ्या खिडक्या उघडतो, नळ सोडतो, वाळवीची माती भिंतीला चढली का बघतो, मागच्या दाराचा अडसर हाताने हलवून बघतो, जाताना बलकांवातला (पुढच्या ओसरीतला) दिवा वेगळ्या टायमिंगला लावतो.

गेल्या जुलैत त्याने मला हाक मारली, काकी जरा या. मागच्या खोलीत जमिनीवर ओल होती. मी म्हटलं वाऱ्याने कौल गेलं असेल. तो शिडी लावून वर चढला आणि म्हणाला, वाऱ्याने पडलेलं कौल फुटतं, ही पाच कौलं तर एकावर एक नीट रचून ठेवलीत. खरंच, एकालाही चीर नव्हती. कोणीतरी छपरातून आत उतरलं होतं, विहिरीचा पंप आणि दोन पितळी समया गेल्या होत्या. कपाटं उचकटायचा प्रयत्न केला होता पण आत काही नव्हतंच, कारण जायच्या आधी दागिने आणि कागद लॉकरला ठेवायला याच लोकांनी लावलं होतं. पोलिसांत तक्रार करायला त्यांचाच मॅनेजर आला, आंकलचं ऑथोरिटी लेटर त्याच्या फाईलीत तयार, पंपाचं बिलसुद्धा होतं. मी एकटी असते तर नुसती रडत बसले असते, खोटं नाही सांगत.

आंटींचे परदेशी पाहुणे आले की त्यांची नोंद 24 तासांच्या आत सरकारकडे ऑनलाइन करावी लागते, तीही हेच करतात. बागेत नवीन माणूस ठेवला तर आधी त्याचं पोलीस व्हेरिफिकेशन.

आता जे खटकलं ते. ऑगस्टमध्ये सलग दोन मंगळवार कोणी आलंच नाही, फोन केला तर रस्त्यावर पाणी आहे म्हणाले. अहो, पावसातच तर तुमची गरज! पैसे मात्र पूर्ण महिन्याचे घेतले, ते मी भांडून कापून घेतले.

दुसरं मला जास्त लागतं. इथे चोरी फक्त घरातली होत नाही, घरच चोरीला जातं. जुने पोर्तुगीज काळातले खोटे दस्तऐवज करून परदेशी राहणाऱ्यांच्या, वारलेल्यांच्या जमिनी परस्पर विकल्या गेल्या, म्हणून तर 2022 मध्ये सरकारला एसआयटी म्हणजे पोलिसांचं विशेष तपास पथक नेमावं लागलं आणि मग निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा आयोग. एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमीन कोणाच्या नावावर आहे तो कागद, ऑनलाइन बघता येतो, पाच मिनिटांचं काम आहे, नावात काही फेरफार झालाय का तेवढं बघायचं, पण यांच्या यादीत ते नव्हतंच. मी मॅनेजरला सांगितलं तर म्हणतो मॅडम ते वकिलाचं काम. मला नाही पटलं. मग दर महिन्याच्या एक तारखेला मीच बघायचे आणि आंटींना स्क्रीनशॉट पाठवायचे.

तरी पाचपैकी चार स्टार देईन, ते त्या पोराचे. यंदा रिन्यू करताना दोन गोष्टी लिहून घेतल्या, पावसात फेरी चुकली तर पैसे कट आणि उतारा दर महिन्याला. कौलांच्या खाली लोखंडी जाळी मारायचं काम सुतार सोमवारी सुरू करतोय.