बेज रंग निवडताय? पिवळी झाक, गुलाबी झाक, करडी झाक की मातकट, आपल्या घराला कुठली चालेल

घर रंगवायला काढलंय, पांढरा नको, भडक पण नको, बेज नाहीतर बिस्किट कलर करू एवढं ठरलंय आणि आता शेडकार्डवरच्या एकसारख्या चौकोनांपुढे सगळे अडकलेत, अशांसाठी हे लिहितेय. कारण बेज हा एक रंग नाहीचे. दुकानात मशीनवर बेज बनवतात तेव्हा पांढऱ्या बेसमध्ये पिवळं, तांबडं आणि काळं असे थेंब पडतात, म्हणजे आपल्या जुन्या भाषेत पिवडी, गेरू आणि काजळी. पिवडी जास्त पडली की पिवळी झाक, गेरू जास्त पडला की गुलाबी, काळं वाढलं की करडी. आणि पिवळ्यात काळं मिसळलं की मातकट झाक येते आणि तिच्यासोबत हिरवटपणा येतो, म्हणून काही बेज कार्डावर छान वाटतात आणि भिंतीवर शेवाळी दिसायला लागतात. पेंटरची चूक नसते ती, रंगाच्या पोटातच ते असतं.

माझं सरळ मत सांगते, शेडकार्ड सगळ्यात शेवटी उघडा. आधी खाली फरशी बघा, मग वर कुठला दिवा आहे तो बघा, मग खिडकीबाहेर काय आहे ते बघा, आणि मग कार्ड. फरशी आपण बदलणार नसतो, रंग बदलू शकतो, त्यामुळे फरशीचं ऐकावं लागतं.

आपल्याकडे फ्लॅटमध्ये सगळ्यात जास्त दिसते ती दोन बाय दोनची आयव्हरी व्हिट्रिफाइड टाइल. ती मुळातच पिवळट असते, बिल्डरने लावलेली असते आणि पुढची पंधरावीस वर्षं ती तिथेच राहणार असते. या फरशीवर गुलाबी झाकेचा बेज लावला की दोघंही बिघडतात. हे बघायचं असेल तर स्कर्टिंगपाशी उकिडवं बसून बघा, जिथे टाइलची चार इंची पट्टी संपते आणि भिंत सुरू होते तिथे. भिंत एकदम पीच दिसते आणि टाइल जुनाट, पिवळी, न पुसल्यासारखी. डोंबिवलीला माझ्या बहिणीच्या हॉलमध्ये अगदी हेच झालंय, ती फरशी कितीही पुसली तरी स्वच्छ वाटत नाही. अशा घरात करडी झाक असलेला, ज्याला ग्रेज म्हणतात तो, किंवा मग थोडा मातकट वाळूसारखा बेज जास्त बरा, कारण तो टाइलचा पिवळेपणा दाबतो. पिवळ्या झाकेचा क्रीम पण चालतो, भांडत नाही, पण मग फरशी पिवळी, भिंत पिवळी, त्यात सागवानी पॉलिशचं फर्निचर असलं की तेही पिवळं, आणि खोलीत काही वेगळं उठूनच दिसत नाही.

जुन्या सोसायट्यांमध्ये, पुण्यात पेठांमध्ये, दादर-पार्ल्याकडे अजून करडी मोझॅक आहे, गावाकडे शहाबादी आहे. इथे हिशोब उलटा होतो. करड्या फरशीवर करडा बेज लावला तर पावसाळ्यात घर सिमेंटचं वाटायला लागतं. इथे पिवळ्या झाकेचा, सायीच्या रंगाचा बेज लावा, घरात ऊब येते. आणि मोझॅकमध्ये तांबूस-तपकिरी खडे असतील (नीट बघा, बऱ्याच मोझॅकमध्ये असतात) तर गुलाबी झाकेचा बेज इथे इतका सुंदर दिसतो की काय सांगू, जो आयव्हरी टाइलवर वाईट दिसला तोच.

कोकणात किंवा गोव्याकडे घर असेल, लाल कोबा असेल, बाहेर चिऱ्याची भिंत आणि लाल मातीचं अंगण, तर गुलाबी नकोच. बाहेरच्या लाल मातीचा उजेड आत येतोच, भिंतीला तांबूसपणा आपोआप येतो, वरून अजून गेरू कशाला. तिथे मातकट किंवा सरळ क्रीम. आणि नवीन घरात पांढरी मार्बलसारखी मोठी टाइल असेल, राखाडी रेषांची, तर करडा बेज डोळे मिटून.

आता दिवे. या बाबतीत लोक अजिबात विचार करत नाहीत आणि मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण चांगला रंग, चांगला पेंटर, पैसे मोजून केलेलं काम, आणि वरून पांढरीफटक एलईडी पट्टी. आपल्या घरांतल्या बहुतेक ट्यूब आणि पट्ट्या 6500 केल्विनच्या असतात (केल्विन म्हणजे उजेड पिवळा की निळसर ते सांगणारा आकडा), खोक्यावर कूल डेलाइट लिहिलेलं असतं. त्याचा उजेड निळसर असतो. त्याखाली पिवळा बेज थोडा हिरवट जातो, गुलाबी बेज मेलेला दिसतो आणि करडा बेज तर सरळ राखाडीच होतो, उबदार वगैरे काही उरत नाही. 2700 किंवा 3000 केल्विनचा वॉर्म लावला तर याच्या उलट, करडा बेज तेव्हा खरा बेज दिसतो, पण पिवळा बेज जास्तच पिवळा होतो, लग्नाच्या हॉलसारखा. मधला 4000 केल्विनचा नॅचरल व्हाइट मिळतो, तो मला बेजसाठी सगळ्यात सोयीचा वाटतो, वाचता पण येतं आणि रंग पण मरत नाही. खोक्यावर सीआरआय, म्हणजे त्या दिव्याखाली रंग किती खरे दिसतात तो आकडा, लिहिलेला असेल तर तोही बघा, 80 चालतो, 90 च्या आसपास असेल तर रंग जास्त खरे दिसतात. थोडक्यात काय, घरात ट्यूब बदलायची तयारी नसेल, आईबाबांना पांढरा उजेडच लागत असेल (वयानुसार उजेड जास्त लागतो, त्यात त्यांचं काही चुकत नाही) तर करडा बेज घेऊ नका, पिवळ्या झाकेचा घ्या. आणि वॉर्म लाइट्स लावणार असाल, फॉल्स सीलिंगच्या खाचेत लपवलेली पट्टी (कोव्ह) वगैरे, तर करडाच घ्या.

खिडकीबद्दल नेटवर जे वाचतो त्यातलं बरंचसं अमेरिका-युरोपातलं असतं. उत्तरेची खोली थंड, निळी, म्हणून तिथे पिवळा रंग लावा असं ते सांगतात. आपण कर्कवृत्ताच्या खाली, पुण्यात मेच्या मध्यावर आणि परत जुलैच्या शेवटी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि मधल्या काळात तो दुपारी उत्तरेकडूनच असतो. त्यामुळे आपल्या उत्तरेच्या खोल्या तितक्या उदास नसतात. आपला प्रॉब्लेम पावसाळा आहे. जून ते सप्टेंबर कुठल्याही दिशेची खोली करडी होते. त्यामुळे रंग एप्रिलच्या उन्हात पसंत करताना हा विचार करा की ऑगस्टमधल्या दुपारी चार वाजता लाइट न लावता तो कसा दिसेल. पश्चिमेच्या खोलीत मात्र संध्याकाळचं ऊन केशरी येतं, तिथे गुलाबी किंवा पिवळा बेज संध्याकाळी अंगावर येतो, करडा किंवा मातकट शांत राहतो. आणि मुंबईत तर दिशेपेक्षा समोरची बिल्डिंग महत्त्वाची. समोर पिवळी बिल्डिंग असेल तर तुमच्या भिंतीवर पिवळा उजेड येणार, समोर मोठं झाड असेल तर हिरवा. झाड असलेल्या खोलीत मातकट बेज टाळा, त्याच्यातला हिरवटपणा अजून वाढतो, तिथे किंचित गुलाबी झाक छान तोल सांभाळते.

रंग किती गडद घ्यायचा यासाठी एलआरव्ही नावाचा एक आकडा असतो, रंग किती उजेड परत फेकतो तो, 0 म्हणजे पूर्ण काळा, 100 म्हणजे पूर्ण पांढरा. बऱ्याच कंपन्यांच्या साइटवर शेडसमोर दिलेला असतो. अंधाऱ्या पॅसेजला किंवा आतल्या बेडरूमला 65 ते 75 मधला बेज घ्या, चांगला उजेड असलेल्या हॉलला 55 ते 65 पण झकास दिसतो. पिंटरेस्टवर सारखा दिसणारा तो शेर्विन विल्यम्स या अमेरिकन कंपनीचा ॲक्सेसिबल बेज 58 चा आहे, आणि तो ज्या फोटोंत असतो त्या घरांना मोठमोठ्या खिडक्या असतात, ग्रिल नसतं, मच्छरदाणीची जाळी नसते, वर कोणाच्या बाल्कनीची सावली नसते. आपल्या दहा बाय दहाच्या बेडरूममध्ये 58 हा आकडा अंगावर येऊ शकतो. शिवाय तो रंग इथल्या दुकानात मॅच करून मागितला तर जवळपासचा मिळेल, तोच मिळेलच असं नाही, कारण बेस वेगळा. न्यू जर्सीच्या मावशीकडे छान दिसतो म्हणून फोटो पाठवून इकडे करून घेणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्या.

खोल्यांचं म्हणाल तर बेडरूमला माझी पसंती गुलाबी झाकेला आहे, फरशी आड येत नसेल तर. रात्रीच्या मंद दिव्यात तो फार सुखद वाटतो. हॉलला करडा किंवा मातकट, कारण हॉलमध्ये सोफा, पडदे, टीव्ही, फोटो सगळं येतं आणि त्यांना मागे शांत भिंत लागते. सागाचं जुनं फर्निचर असेल, आजीचं कपाट वगैरे, तर करड्या बेजपुढे त्याचा रंग जो खुलतो तो क्रीमपुढे नाही खुलत. मुलांच्या खोलीत रंगापेक्षा पुसता येणं महत्त्वाचं.

किचनचं जरा सविस्तर सांगते. फोडणीची वाफ आणि तेल वर जाऊन टाइलच्या वरच्या भागात बसतं आणि काही वर्षांत तिथे पिवळट थर येतो, चिमणी असली तरी थोडा येतोच. पांढऱ्या आणि करड्या भिंतीवर तो लगेच दिसतो. पिवळ्या झाकेच्या बेजवर बऱ्यापैकी लपतो. म्हणून किचनला पिवळी झाक, पण फिनिश मॅट नको, सॅटिन किंवा हलका शीन, म्हणजे चकाकी, असलेलं धुता येणारं इमल्शन घ्या, म्हणजे साबणाच्या पाण्याने पुसता येतं. देवघराच्या मागची भिंत पण अशीच. समई आणि उदबत्तीची काजळी बरोबर एका पट्ट्यात वर चढते, ज्योतीच्या वर एक धुरकट जीभ तयार होते. मॅटवर ती पुसायला गेलं की पसरते आणि डाग मोठा होतो. तेवढाच भाग एक शेड गडद आणि शीनमध्ये करून घ्या, मुद्दाम केल्यासारखा छानच दिसतो.

मग सगळीकडे शीनच का नको? कारण लांबी (पुट्टी) नीट ओढलेली नसेल, भिंतीला लाटा असतील, तर शीनमध्ये खिडकीकडून तिरका उजेड पडला की प्रत्येक खड्डा दिसतो. जुन्या इमारतीत हॉल आणि बेडरूमला मॅटच बरा, तो दोष झाकतो. डिस्टेंपर स्वस्त पडतं हे खरं, पण त्यात बेजच्या नाजूक छटा तितक्या नीट येत नाहीत आणि हात लागून स्विचबोर्डच्या भोवती काळं पडलं की पुसता येत नाही. भाड्याने द्यायचा फ्लॅट असेल तर ठीक आहे, स्वतः राहणार असाल तर साधं का होईना पण इमल्शन घ्या.

सीलिंगकडे पण बघा प्लीज. पेंटर विचारतच नाहीत, वर ब्रिलियंट व्हाइट मारून मोकळे होतात. त्या निळसर पांढऱ्याच्या शेजारी बेज भिंत मळकी दिसते, आणि मग लोक म्हणतात रंग चुकला. वर किंचित ऑफ-व्हाइट करा, नाहीतर भिंतीचाच रंग दुकानदाराला पाव ताकदीचा टिंट करून द्यायला सांगा.

एक गोष्ट मात्र कुठल्याही छटेने सुटत नाही, ती म्हणजे ओल. बेजवर ओलीचा डाग पांढऱ्यापेक्षा कमी दिसतो म्हणून काही जण वरून रंग मारून घेतात. पुढच्या पावसात पोपडे येतात आणि पांढरे क्षार फुटतात ते फुटतातच. आधी गळती शोधा, बाहेरून किंवा वरच्या मजल्याच्या बाथरूममधून येतेय का बघा, भिंत पूर्ण वाळू द्या, मग लांबी, प्रायमर आणि रंग.

आता सॅम्पल. दोन-तीन छटा राहिल्या की छोटा डबा आणा आणि थेट भिंतीवर नका मारू, जुन्या रंगाच्या शेजारी नवा रंग नेहमी फसवा दिसतो. जाड ड्रॉइंग शीट घ्या, कडेने दोन बोटं पांढरी जागा सोडून दोन हात मारा, पूर्ण वाळू द्या. मग तो कागद स्कर्टिंगला टेकवून ठेवा, सोफ्यामागे लावा, खिडकीसमोरच्या भिंतीवर लावा, कोपऱ्यात लावा. कोपऱ्यात रंग जास्त गडद दिसतो कारण दोन भिंती एकमेकींवर आपल्याच रंगाचा उजेड टाकतात, चारही भिंती रंगल्यावर अख्खी खोली साधारण तशीच दिसणार असते. सकाळी, दुपारी आणि रात्री घरचाच दिवा लावून बघा. पेंटर घाई करेल, करू द्या.

आणि तरीही ठरत नसेल तर माझं मत घ्या: आयव्हरी टाइल आणि वॉर्म किंवा नॅचरल दिवे असलेल्या घरात करडा बेज, करडी फरशी किंवा पांढऱ्या ट्यूबवाल्या घरात पिवळा. आयव्हरी टाइल पण आहे आणि पांढरी ट्यूब पण जाणार नाही, अशी घरं खूप असतात, तिथे पिवळ्यातलाच पण खूप फिका, एलआरव्ही 70 च्या वरचा घ्या, म्हणजे पिवळेपणा जाणवत नाही.

ऑर्डर देताना दहा बाय बाराच्या खोलीच्या भिंतींना, दार-खिडक्या वजा करून, दोन हातांना साधारण 3 लिटर लागतो, म्हणजे 4 लिटरचा डबा घ्या, उरलेला टच-अपला ठेवा. अख्ख्या घराचा रंग एकाच वेळी टिंट करून घ्या, नंतर आणलेला डबा किंचित वेगळा निघू शकतो आणि बेजमध्ये तो फरक लगेच दिसतो. डब्यावरच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा, त्यावर शेडचा कोड, बेस आणि फिनिश तिन्ही असतं, पुढे एखादी भिंत परत करायची वेळ आली तर तिन्ही लागतात.