आठ महिने, दोन काठ्या आणि साऊथ कायबाबचा उतार

मार्चमध्ये या ट्रेकिंग पोलची जोडी घेतली ती चढाला आधार म्हणून. चढाला त्या नसत्या तरी चाललं असतं, हे आता कळतंय. उताराला मात्र त्यांच्याशिवाय जायची माझी तयारी नाही.

अ‍ॅल्युमिनियमच्या, तीन भागांत आत सरकणाऱ्या, कॉर्कची मूठ, खटक्याचं लॉक. जिने आणि टेकडीवरच्या सरावात एकही तक्रार नव्हती. ऑक्टोबरमध्ये ग्रँड कॅन्यनला गेलो आणि काठ्यांचा कस लागला. साऊथ कायबाब ट्रेलने कोलोरॅडो नदीकडे जाताना साधारण ११ किलोमीटरमध्ये जवळजवळ १,४५० मीटर खाली उतरावं लागतं. वाटेत पाणी कुठेच मिळत नाही, त्यामुळे चार लिटर पाण्यासकट पाठीवर पंधरा किलोची सॅक.

माती वाहून जाऊ नये म्हणून वाटेवर आडवे ओंडके टाकलेत. त्यांच्या पुढची माती खेचरांच्या टापांनी उकरली गेलीय, म्हणजे दर पायरीला गुडघ्यात दणका. उतारावर काठ्या थोड्या लांब करायच्या असतात, हे मला वाटेतल्या सीडर रिज या थांब्याला पोचेपर्यंत सुचलं नाही (वाचलेलं होतं, तरीही!). मग दहा सेंटीमीटर वाढवल्या. कमरेत वाकणं थांबलं, आणि दणक्यातला बराच वाटा खांद्यांनी उचलला.

स्केलेटन पॉइंटच्या खाली नागमोडी वळणं सुरू झाली, आणि तिथे डाव्या काठीवर भार टाकताच ती सर्रकन आत गेली. मी बसलोच, नशीब, डोंगराच्या बाजूला. नळ्यांमध्ये पिठासारखी तांबडी धूळ शिरली होती आणि लॉकचा स्क्रूही सैलावला होता. काठी उघडून पुसली, नाण्याने स्क्रू आवळला. तेव्हापासून निघण्यापूर्वी दोन्ही काठ्यांवर अंगाचा भार टाकून बघतो. या किमतीच्या काठीला हे करावं लागू नये, पण करावं लागतं.

मनगटाचे पट्टे उतारावर मी काढूनच ठेवतो, पडलो तर हात अडकायला नको. खेचरांचा तांडा आला की डोंगराच्या बाजूला स्तब्ध उभं राहायचं आणि काठ्या अंगाशी धरायच्या.

खाली नदीजवळच्या ब्राइट एंजल कँपग्राउंडवर खाणं लोखंडी डब्यात ठेवलं, सॅक खांबाला टांगली आणि काठ्या तंबूबाहेर विसरलो. सकाळी उजवी मूठ कुरतडलेली. घामाचं मीठ कुणाला आवडलं कोण जाणे.

टोकं मात्र कातळावर घासून बोथट झाली आहेत. सुटी टोकं मिळतील का, असं कंपनीला दोनदा विचारलं, उत्तर नाही. शेवटी दुसऱ्याच कंपनीची बसवली. कुरतडलेल्या मुठीवर सध्या सायकलच्या हँडलची पट्टी गुंडाळलीय, आणि खरं सांगायचं तर पकड मूळच्या मुठीपेक्षा बरी आहे.