पोर्ट बदलायचा की हब लावायचा?
जुन्या लॅपटॉपचा यूएसबी पोर्ट ढिला झाला की पेनड्राइव्ह जरा हलला तरी डिस्कनेक्ट, माझ्या पोर्टच्या आतली प्लास्टिकची पट्टीच तुटलेली. दुसऱ्या चांगल्या पोर्टला हब, म्हणजे एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारी डबी, लावणं सोपं, पण सगळं त्या एकाच पोर्टची पॉवर वाटून घेतं, यूएसबी २.० ला ५०० मिलीअँप, ३.० ला ९००, म्हणजे माउस-कीबोर्ड मजेत चालतात पण बाहेरची हार्ड डिस्क नुसती टकटक करत बसते, तिच्यासाठी भिंतीच्या सॉकेटमधून वेगळी पॉवर घेणारा अडॅप्टरवालाच हब घ्या.

पोर्ट बदलायचा तर आधी उघडून बघा, वेगळ्या छोट्या बोर्डवर असेल तर तो बोर्डच बदलता येतो, मदरबोर्डवर, म्हणजे लॅपटॉपच्या मुख्य बोर्डवर, सोल्डर केलेला असेल तर मी तरी हात लावणार नाही, हबच. आणि हो, पिना वाकून एकमेकींना चिकटल्या असतील तर त्या पोर्टात काही घालूच नका, शॉर्ट होईल.