युबिक्विटिन आणि एंडोसायटोसिस: प्रकल्पासाठी यीस्ट घ्यावं की हेला?

पृष्ठभागावरचं प्रथिन पेशीच्या आत ओढलं जाताना (म्हणजे एंडोसायटोसिसमध्ये) युबिक्विटिनचा, म्हणजे इतर प्रथिनांना खुणेसारखं चिकटवलं जाणाऱ्या छोट्या प्रथिनाचा, हात किती असतो, हा विषय घेऊन नागपुरात एम.एस्सी.चा किंवा पीएच.डी.च्या सुरुवातीचा प्रकल्प उभा करायचा, तर पहिला प्रश्न येतो पेशींचा. बहुतेकांचा ओढा हेला या मानवी कर्करोगपेशींकडे असतो, कारण ईजीएफ या वाढ-घटकाचा रिसेप्टर म्हटलं की कर्करोगाशी नातं आपोआप जुळतं. पण प्रश्न खरोखर ‘आत शिरण्याचा’ असेल, तर यीस्ट घ्या. कारण खर्चापेक्षा जीवशास्त्रात जास्त आहे.

यीस्टमध्ये युबिक्विटिन लागल्याशिवाय बहुतेक पारपटल (पेशीचा पडदा ओलांडणारी) प्रथिनं आत जातच नाहीत. आल्फा-फॅक्टर या मीलन-संदेशाचा रिसेप्टर स्टे२ आत जाण्यासाठी त्याच्या शेपटीला युबिक्विटिन लागावं लागतं, हे हिके आणि रीझमन यांनी १९९६ मध्ये दाखवलं. ७६ अमिनो आम्लांचं एकच युबिक्विटिनही त्याला पुरतं. ते चिकटवणारं मुख्य एन्झाइमही एकच: आरएसपी५. नेड४ कुटुंबातलं यीस्टमधलं हे एकमेव लायगेज (युबिक्विटिन जोडणारं एन्झाइम). कोणतं प्रथिन धरायचं हे त्याला एआरटी जोडप्रथिनं सांगतात. त्यामुळे एका एआरटीचं जनुक काढलं की परिणाम सरळ दिसतो.

ईजीएफ रिसेप्टरचं तसं नाही. सीबीएल हे लायगेज त्याला युबिक्विटिन लावतं खरं, पण लायसीनच्या १५-१६ जागा बदलून युबिक्विटिन जवळजवळ नाहीसं केलं तरी हा रिसेप्टर क्लॅथ्रिनच्या (आत ओढल्या जाणाऱ्या पडद्याभोवती जाळी विणणाऱ्या प्रथिनाच्या) वाटेने जवळपास नेहमीच्याच वेगाने आत जातो. अडतं ते पुढे, एंडोसोममधून (आत आलेल्या मालाची वर्गवारी होते तिथून) लायसोसोमकडे (तो नष्ट होतो तिथे) वळताना. म्हणजे हेलामध्ये ‘रिसेप्टर कमी झाला’ असं वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनाचं प्रमाण दाखवणाऱ्या चाचणीत) दिसलं, तर तो आत कमी गेला की आत जाऊन कमी नष्ट झाला, हे वेगळं सिद्ध करावं लागतं. ईजीएफची मात्राही उत्तर बदलते. १-२ नॅनोग्रॅम प्रति मिलीला मुख्यतः क्लॅथ्रिनची वाट चालते. १०० नॅनोग्रॅमला रिसेप्टरवर युबिक्विटिन भरपूर चढतं आणि काही पेशींत क्लॅथ्रिनविरहित वाटही उघडते. १०० नॅनोग्रॅमवर एकच प्रयोग करून निष्कर्ष काढलेला असेल, तर परीक्षक तिथेच बोट ठेवतील.

आता कामाचा भाग. यीस्टमध्ये सर्वांत स्वस्त चाचणी कॅनाव्हनिनची. आर्जिनिनसारखं दिसणारं हे विष कॅन१ या वाहकातून आत येतं. एआरटी१ नसेल तर कॅन१ पृष्ठभागावरून हलत नाही, विष जास्त शिरतं आणि वाढ खुंटते. दहापट विरलनाचे पाच ठिपके, कॅनाव्हनिन ०.५, १ आणि २ मायक्रोग्रॅम प्रति मिली, ३० अंशांवर तीन दिवस. प्लेट आर्जिनिनविरहित सिंथेटिक मीडियमचीच हवी. वायपीडी या सर्वसमावेशक मीडियमवर काहीच फरक दिसणार नाही. नायट्रोजनसाठी अमोनियम सल्फेट वापरा, कारण प्रोलिन दिलं तर गॅप१ हा दुसरा वाहक सक्रिय होतो आणि विषाला दुसरं दार मिळतं.

प्रत्यक्ष आत जाताना पाहायचं तर म्यूप१-जीएफपी, म्हणजे चमकणारं जीएफपी जोडलेला मेथिओनिनचा वाहक. मेथिओनिन नसताना तो कडेला चमकतो. २० मायक्रोग्रॅम प्रति मिली मेथिओनिन दिलं की तासाभरात चमक व्हॅक्युओलमध्ये (यीस्टच्या लायसोसोममध्ये) उतरते. इथे एक खड्डा हमखास लागतो. बीवाय४७४१ या यीस्टच्या वाणात मेथिओनिन बनवायला लागणारं मेट१५ जनुक नसतं, त्यामुळे मेथिओनिन काढलं की वाढच थांबते. बीवाय४७४२ मागवा. वेस्टर्नसाठी १० टक्के टीसीएने (ट्रायक्लोरोॲसिटिक आम्लाने) पेशी मारा, म्हणजे युबिक्विटिन काढून टाकणारी एन्झाइमं त्याच क्षणी बंद पडतात. नमुना मात्र ९५ अंशांवर उकळू नका. अनेक पडदे ओलांडणारी प्रथिनं गोळा होऊन जेलच्या तोंडाशीच अडकतात. ३७ ते ५० अंशांवर दहा मिनिटं पुरे.

नागपूरचा उन्हाळा हा या निर्णयातला खरा घटक आहे. आरएसपी५ जगण्यासाठी आवश्यक असल्याने त्याचं तापमान-संवेदी उत्परिवर्तन, आरएसपी५-१, २४-२५ अंशांवर वाढवावं लागतं. एप्रिल-मेमध्ये बाहेर पारा ४५ गाठत असताना, थंड करण्याची सोय नसलेला शेकर तिथे उतरूच शकत नाही. तो खोलीच्या तापमानाखाली जात नाही. पेशी अर्धवट आजारी राहतात आणि नियंत्रण नमुनाच बिघडतो. रेफ्रिजरेटेड शेकर नसेल तर आरएसपी५ला हात न लावता एआरटी१ वगळलेला वाण घ्या, तो ३० अंशांवर छान वाढतो.

हेलाची अडचण याच्या उलट टोकाची, बर्फाची. पेशी पुण्याच्या एनसीसीएसमधून (राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रातून) मिळतात, ३७ अंश आणि ५ टक्के सीओटू सांभाळणंही जमतं. पण पृष्ठभागाचं बायोटिनीकरण, म्हणजे बाहेरच्या प्रथिनांना बायोटिनची खूण लावणं, ३७ अंशांवरची मिनिटं सोडली तर सगळं ४ अंशांवर होतं: सल्फो-एनएचएस-एसएस-बायोटिन ०.५ मिलीग्रॅम प्रति मिली, ३० मिनिटं, मग ग्लायसीनने थांबवणं, ३७ अंशांवर ०, ५, १०, २० मिनिटं ईजीएफ, परत बर्फ, आणि उरलेलं बाहेरचं बायोटिन पीएच ८.६ च्या मेस्ना या क्षपणकारकाने काढणं. डिश दोन मिनिटं टेबलावर राहिली तरी एंडोसायटोसिस सुरू होतो. बर्फाच्या चिखलावर धातूची पाटी ठेवून तिच्यावरच सगळं करा. बायोटिनची बाटली फ्रीजरमधून काढल्यावर खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका. पावसाळ्यात आतली पूड ओलावा धरते आणि निकामी होते. ३७ अंशांवर न नेलेली, पण मेस्ना दिलेली एक डिश प्रत्येक वेळी हवी. तिच्यात पट्टा दिसला तर बाकीचे आकडे मोजण्यात अर्थ नाही.

रिसेप्टरवरचं युबिक्विटिन पाहायचं असेल तर लायसिस बफरमध्ये युबिक्विटिन काढणारी एन्झाइमं रोखायला २० मिलीमोलर एन-इथाइलमॅलेइमाइड, त्याच दिवशी इथेनॉलमध्ये विरघळवलेलं. डीटीटी हे क्षपणकारक असलेल्या बफरमध्ये ते वाया जातं. १ टक्का एसडीएसमध्ये उकळून, दहापट पातळ करून मगच इम्युनोप्रेसिपिटेशन (प्रतिपिंडाने रिसेप्टर वेगळा काढणं) करा, नाहीतर रिसेप्टरला नुसत्या चिकटलेल्या शेजाऱ्यांचं युबिक्विटिन त्याच्या नावावर जमा होतं. आणि ‘युबिक्विटिन म्हणजे प्रोटिआसोम’ या सवयीने एमजी१३२ (प्रथिनं तोडणारा प्रोटिआसोम रोखणारं औषध) घालू नका. त्याने पेशीतलं मोकळं युबिक्विटिन संपतं आणि एंडोसायटोसिसच बिघडू शकतो. लायसोसोम रोखायचा तर १०० नॅनोमोलर बॅफिलोमायसिन.

मानवी पेशीच हव्या असतील आणि प्रश्नही आजाराशी जोडायचा असेल, तर ईजीएफ रिसेप्टरपेक्षा ईनॅक ही सोडियमची वाहिनी चांगली. तिच्या शेपटीतला पीवाय हा छोटा भाग नेड४-२ हे लायगेज धरतं. तो भाग बदलला की वाहिनी पृष्ठभागावर साचते आणि लहान वयात रक्तदाब वाढवणारा लिडल सिंड्रोम होतो. नेड४-२ हे आरएसपी५च्याच कुटुंबातलं, त्यामुळे यीस्टवर शिकलेलं इथे थेट कामी येतं.