दोघांच्या घरातली घरघंटी

घरघंटी, म्हणजे घरीच पीठ दळण्याची विजेवरची छोटी गिरणी, हे मोठ्या कुटुंबाचे यंत्र आहे आणि दोन माणसांच्या सदनिकेत ती निव्वळ जागा अडवते, असे आम्ही ती विकत घेण्यापूर्वी जवळजवळ प्रत्येकाने आम्हाला सांगितले होते. पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात राहणारे, दोघेही नोकरी करणारे आमच्यासारखे जोडपे तिचा नियमित वापर केल्यानंतर नेमके उलट मत देईल. मोठ्या घरात आठवड्याला दहा किलो पीठ सहज उठते, त्यामुळे गिरणीतून आणलेल्या पिठाला शिळे व्हायला अवधीच मिळत नाही. दोघांच्या घरात मात्र दोन-तीन किलो ज्वारीचे पीठ संपत येईपर्यंत त्याची विरी, म्हणजे पीठ चिकटून एकत्र राहण्याचा गुण, गेलेली असते आणि भाकरी थापताना कडा फुटू लागतात. ताजे पीठ थोडे थोडे मिळण्याची गरज खरी छोट्या घरालाच असते, आणि ही गरज घरघंटी किती आणि कशी भागवते, हेच मला येथे सांगायचे आहे.

आमच्या घरात धान्य येते ते दोन दिशांनी. पत्नीचे माहेर मंगळवेढ्याजवळचे असल्यामुळे रब्बीची सुगी झाली की सासूबाई मालदांडी ज्वारीचे पोते पाठवतात. माझे घर रत्नागिरी जिल्ह्यातले, त्यामुळे दिवाळीनंतर आईकडून तांदूळ येतो. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, 2023 हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले आणि शहरातल्या दुकानांत ज्वारीच्या पिठाच्या आकर्षक पिशव्या दिसू लागल्या. परंतु ज्या घरात उत्तम ज्वारी पोत्याने पडून आहे, त्या घराने केवळ दळायला सवड नाही म्हणून पिशवीतले पीठ विकत आणावे, ही गोष्ट आम्हा दोघांनाही खटकत होती.

गिरणीविषयी मला मनापासून आदर आहे आणि चांगल्या गिरणीवाल्याच्या हाताची बरोबरी कोणतेही घरगुती यंत्र करू शकत नाही. अडचण आहे ती वेळेची. आम्ही दोघे कामावरून परततो तेव्हा गिरणी बंद झालेली असते, गुरुवारी तिला सुट्टी असते आणि रविवारी सकाळी डब्यांची रांग लागलेली असते. शिवाय अर्धा किलो धान्य घेऊन कोणी गिरणीत जात नाही, कारण एवढ्याशा दळणात आधीच्या धान्याचे पीठच अधिक मिसळते. ‘ज्वारीवर ज्वारी दळून द्या’ असे सांगायचे, तर ज्वारीची पाळी येईपर्यंत डबा ठेवून यावे लागते, आणि तो आणायला दुसऱ्या दिवशी पुन्हा वेळ काढावा लागतो.

आम्ही घेतलेले यंत्र एक अश्वशक्तीच्या मोटरीचे, साध्या घरगुती वीजजोडणीवर चालणारे आणि कपाटासारख्या लाकडी पेटीत बसवलेले आहे. वरच्या तोंडातून धान्य ओतायचे, ते हळूहळू दळण्याच्या कप्प्यात उतरते, तेथे वेगाने फिरणारी पोलादी पाती ते फोडतात आणि भोवतीच्या जाळीतून जाण्याइतके बारीक झालेले पीठ खालच्या डब्यात पडते. यात दगड नसतो, त्यामुळे टाकी लावण्याचा, म्हणजे गुळगुळीत झालेला दगड छिन्नीने पुन्हा खडबडीत करण्याचा, प्रश्न येत नाही. पिठाचा पोत ठरतो तो पूर्णपणे जाळीवर: जाळीचा आकडा जितका लहान, तितके पीठ बारीक. पोळीच्या कणकेसाठी, भाकरीसाठी, चकलीच्या भाजणीसाठी आणि लापशीच्या जाडसर रव्यासाठी वेगवेगळ्या जाळ्या बसवाव्या लागतात. जाळी बदलणे हे दोन मिनिटांचे काम आहे, पण ते वीज बंद करून आणि पाती पूर्ण थांबल्यावरच करावे. वरचे धान्य संपले की यंत्राचा आवाज एकदम हलका आणि पोकळ होतो, त्यामुळे दुसऱ्या खोलीत काम करत असतानाही दळण संपल्याचे कळते.

या यंत्राची सर्वांत मोठी देणगी म्हणजे ज्वारीची भाकरी. ज्वारीत गव्हासारखे ग्लूटेन नसते. तिचे पीठ एकजीव होते ते गरम पाण्यामुळे आणि मळण्यामुळे, आणि पीठ जितके ताजे तितके हे काम सोपे होते. आम्ही बुधवारी आणि शनिवारी रात्री एक-दीड वाटी नव्हे, तर साधारण किलोभर ज्वारी दळतो आणि तेवढीच तीन-चार दिवसांत संपवतो. दळल्यावर पत्नी पीठ चिमटीत घेऊन अंगठ्याने चोळून पाहते. बोटांना किंचित रवाळ लागले, पण कण टोचले नाहीत, की ते भाकरीचे पीठ. अतिशय बारीक जाळीने दळलेले पीठ दिसायला सुंदर असले तरी त्याची भाकरी तव्यावर चिवट होते, असा आमचा अनुभव आहे. योग्य जाळीने दळलेल्या ताज्या पिठाची भाकरी परातीत थापताना कडेला फुटत नाही, पाणी फिरवून उलटली की तव्यावर सरळ बसते आणि विस्तवावर धरताच टम्म फुगते. माझे भाकरी थापणे लग्नानंतर सुरू झाले असल्यामुळे मला हा फरक अधिक जाणवतो: ज्याचा हात अजून पुरता बसलेला नाही, त्याला ताजे पीठ फार सांभाळून घेते.

बाजरीच्या बाबतीत तर घरी दळण्याला पर्यायच नाही असे मी म्हणेन. बाजरीत स्निग्धांश अधिक असल्यामुळे तिचे पीठ लवकर खवट आणि कडवट होते, आणि दुकानातल्या पिशवीवर छापलेली मुदत काहीही असो, जिभेला ते लगेच समजते. संक्रांतीच्या सुमारास आम्ही बाजरी जेवढ्यास तेवढी दळतो.

तांदळाची पिठी हा माझ्या बाजूचा विषय. मोदकासाठी सुवासिक तांदूळ धुऊन, सावलीत कापडावर वाळवून, अगदी बारीक जाळीने दळावा लागतो आणि यात घरघंटी उत्तम काम देते. मात्र तांदूळ पूर्ण वाळलेला हवा. आत ओल राहिली तर पिठी जाळीच्या छिद्रांत लिंपली जाते, मोटरीवर ताण येतो आणि ती आपोआप बंद पडते. पावसाळ्यात, म्हणजे नेमके गणपतीच्या आधी, तांदूळ वाळायला वेळ लागतो, त्यामुळे ही तयारी चतुर्थीच्या आदल्या रात्रीवर ठेवून चालत नाही.

गव्हाबद्दल मात्र माझे मत इतके उत्साही नाही. लोकवन आणि सिहोर हे दोन्ही गहू आम्ही घरी दळतो. पोळ्या चांगल्या होतात, पण गिरणीच्या दगडावर दळलेल्या कणकेइतका मऊपणा सहज येत नाही. घरघंटीच्या कणकेला पाणी थोडे कमी लागते आणि मळल्यानंतर ती किमान अर्धा तास झाकून ठेवावी लागते. सकाळी डबे भरून आठ वाजता घराबाहेर पडणाऱ्या माणसांसाठी हा अर्धा तास महत्त्वाचा आहे. ज्यांच्या घरी केवळ पोळ्याच होतात, भाकरी क्वचित होते, आणि गिरणी खालच्याच चौकात आहे, त्यांनी घरघंटी न घेतली तरी त्यांचे काही बिघडणार नाही.

आमच्या मित्रमंडळींमुळे या यंत्राचा एक वेगळाच उपयोग पुढे आला. शनिवारी रात्री आमच्याकडे दोन-तीन जोडपी जेवायला येतात. सगळेच नोकरीनिमित्त पुण्यात स्थिरावलेले, त्यामुळे प्रत्येकाला आपापल्या गावचे काही ना काही हवे असते. जळगावकडच्या मित्राला कळण्याची भाकरी हवी होती. ज्वारी आणि अख्खे उडीद एकत्र दळलेले पीठ पुण्यात शोधत फिरण्यापेक्षा आम्ही साधारण चार वाट्या ज्वारीला एक वाटी उडीद या प्रमाणात ते घरीच दळले, आणि वांग्याच्या भरिताबरोबर त्या भाकरी खाताना तो बराच वेळ काही बोलला नाही, यातच त्याची पावती मिळाली. थालीपिठाची भाजणीही आता घरचीच असते: ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद, थोडे गहू, धणे आणि जिरे, प्रत्येक जिन्नस वेगळा भाजून, पूर्ण गार करून, मग एकत्र दळलेली. भाजणी गरम असताना दळू नये, कारण पिठाला घाम सुटतो आणि ते टिकत नाही. आमच्या एका मैत्रिणीला डॉक्टरांनी गहू पूर्ण वर्ज्य केला आहे, आणि तिच्या बाबतीत आम्ही एक गोष्ट काटेकोरपणे पाळतो: आमच्या यंत्रातून निघालेले ज्वारीचे पीठ तिला देत नाही. जाळी कितीही झटकली तरी कप्प्याच्या सांदीत गव्हाचे पीठ उरतेच. अशा पथ्यासाठी यंत्रात गहू मुळीच दळलेला नसावा. उपवासाची भाजणी दळणाऱ्यांनीही आधी मूठभर राजगिरा किंवा वरी दळून ते पीठ बाजूला काढावे, म्हणजे बरेच मिसळणे टळते.

आता त्रासाच्या गोष्टी. आवाज बराच होतो. मिक्सरपेक्षा तो खोल असतो आणि मुख्य म्हणजे मिनिटभरात न संपता पंधरा-वीस मिनिटे चालू राहतो. खालच्या मजल्यावरच्या आजींना जमिनीतून येणारा थरथराट जाणवत असे, म्हणून चाकांखाली जाड रबरी पट्ट्या घातल्या आणि सकाळी आठच्या आधी व रात्री नऊनंतर दळायचे नाही असे आम्ही ठरवले. दोघांचीही कामाची वेळ लांबली की ही मर्यादा अडचणीची ठरते, हे मान्य केले पाहिजे. पेटी चांगली बंद असली तरी पिठाचा बारीक थर आसपास बसतोच. दमा किंवा धुळीचा त्रास असणाऱ्यांनी तोंडाला कापड बांधल्याशिवाय सफाई करू नये.

सफाई हाच खरा निकष आहे. प्रत्येक दळणानंतर जाळी काढून कुंचल्याने झटकणे, कप्प्यातले उरलेले पीठ पुसणे आणि हवा गाळणारी कापडी पिशवी झटकणे, एवढे काम करावेच लागते. ते टाळले तर उष्ण आणि दमट हवेत त्या उरलेल्या पिठात अळ्या आणि सोनकिडे होण्यास फार दिवस लागत नाहीत. आमच्याकडे धान्य निवडणे आणि दळणे पत्नीकडे, तर जाळी आणि कप्पा साफ करणे माझ्याकडे आहे. ही वाटणी ठरलेली असल्यामुळे यंत्र कधी तसेच पडून राहत नाही. धान्य निवडणे मात्र कोणीही टाळू नये. एक बारीक खडा किंवा पोत्याच्या शिलाईची तार आत गेली तर जाळी फाटते. शेंगदाणे, तीळ, सुके खोबरे असे तेलकट जिन्नस या यंत्रात घालू नयेत. ते जाळीत लगदा होऊन बसतात.

विक्रीनंतरच्या सेवेविषयी मला तक्रार आहे. आमची बारीक जाळी एका कडेने उसवली, तेव्हा विक्रेत्याने कंपनीकडे बोट दाखवले, कंपनीने तंत्रज्ञ पाठवण्याची तारीख वारंवार पुढे ढकलली आणि अखेर आम्हीच बाजारातून त्याच मापाची जाळी शोधून आणून बसवली. यंत्र विकताना पाच-सहा जाळ्या मोफत असल्याची जाहिरात करणाऱ्यांनी सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या एका जाळीचा जादा नग दिला, तर ग्राहकाचे अधिक भले होईल. जाळीवरचे आकडेही सगळ्या कंपन्यांचे सारखे नसतात, त्यामुळे सुटी जाळी घेताना जुनी जाळी बरोबर न्यावी.

पैशांचा हिशेब करून घरघंटी घेऊ नये. एक अश्वशक्ती म्हणजे 746 वॅट; तासाभराच्या दळणाला साधारण एक युनिट वीज लागते आणि तेवढ्यात सात-आठ किलो गहू दळून होतो. आमच्या भागात गिरणीचा दर किलोला 8 रुपये धरला आणि महिन्याचे दळण 12 किलो धरले, तर गिरणीचे 96 रुपये वाचतात आणि विजेचे पंधरा-वीस रुपये जातात. अशी यंत्रे साधारण 15 ते 25 हजार रुपयांना मिळतात. 20 हजारांचे यंत्र महिन्याला 80 रुपये वाचवून आपली किंमत भरून काढायला 20 वर्षांहून अधिक काळ घेईल. आम्ही ते पैसे ताज्या पिठासाठी आणि आपल्या सवडीने दळता येण्यासाठी दिले, आणि त्या दृष्टीने मला ते योग्य वाटतात.

घेताना दुकानात आपल्या घरची किलोभर ज्वारी नेऊन समोर दळून पाहावी. विक्रेते बहुधा गहू दळून दाखवतात, आणि गव्हावर जवळजवळ सगळीच यंत्रे चांगली दिसतात. दळलेले पीठ हाताला किती गरम लागते, कप्प्यात किती उरते आणि जाळी हाताने सहज निघते का, हे तिथेच तपासावे. जागेची अडचण असलेल्या जोडप्यांना मी आणखी एक सुचवीन: एकाच मजल्यावर ओळखीचे शेजारी असतील तर दोन घरांत मिळून एक यंत्र घ्यावे. आमच्या शेजारच्या दांपत्याने अशी विचारणा केली तेव्हा आम्ही आनंदाने होकार दिला. आता रविवारी त्यांचे दळण आमच्याकडे होते, नव्या जाळीचा खर्च अर्धा-अर्धा असतो, आणि ज्याने शेवटी दळले त्याने कप्पा झाडून ठेवायचा, हे पेटीच्या दारावर चिकटवलेल्या कागदावर लिहिलेले आहे.